गुन्हेगाराची जबानी आणि रुपेरी पडदा

नाशिक जिल्ह्याच्या वायव्येस, गुजरातच्या सीमेवर आणि डांगच्या जंगलाला लागून सुरगाणा वसले आहे. आज हा कोकणा, वारली, महादेव कोळी अशा आदिवासी बांधवांचा तालुका आहे. १९४८ पर्यंत ते एक चिमुकले संस्थान होते. पेशवाई बुडाली त्या सुमारास, म्हणजे १८१८ च्या आसपास, इंग्रजांच्या एका तुकडीवर हल्ला केल्याबद्दल कंपनी सरकारने येथे फौज धाडली, येथील देशमुखास पकडून फाशी दिली आणि त्याच्याच घराण्यातील दुसऱ्या पुरुषास मान्यता देऊन टाकली. सरकारी गॅझेटियरमध्ये या प्रसंगाच्या वाट्याला मोजक्या ओळी आल्या आहेत. फासावर गेलेल्या त्या माणसाचे स्वतःचे म्हणणे त्या ओळींत कोठेही नाही. तो दरोडेखोर होता की आपल्या मुलखाचा राखणदार होता, हे ठरविण्यासाठी आपल्यापुढे एकाच पक्षाचा शब्द आहे आणि तो पक्ष फास आवळणाऱ्यांचा आहे.

सुरगाण्याची ही जुनी हकीकत आम्ही येथे सांगतो, ती आजच्या एका प्रश्नाचे मूळ त्यात दिसते म्हणून. गुन्हेगार ठरलेल्या माणसाला आपली कथा सांगण्याचा हक्क आहे काय? असल्यास ती कथा विकत घेऊन तिचा चित्रपट करण्याचा हक्क दुसऱ्याला कितपत पोहोचतो? आणि ज्याचा जीव गेला, त्याची कथा कोणी सांगावी? सुरगाण्यात मारणाऱ्याच्या हाती लेखणी राहिली आणि मेलेला मुका राहिला. पुढे दीडशे वर्षांनी आपल्याच महाराष्ट्रात वेगळ्या तऱ्हेने तसेच घडले. त्याकडे वळण्यापूर्वी या प्रकारच्या लेखनाचा उगम थोडक्यात पाहू.

गुन्हेगाराच्या कबुलीजबाबाचे पुस्तक करण्याची प्रथा आपल्याकडे ठगांच्या बंदोबस्तापासून रूढ झाली. कर्नल स्लीमन यांनी १८३० नंतरच्या काळात पकडलेल्या ठगांपैकी काहींना जीवदान देऊन सरकारी साक्षीदार केले आणि त्यांच्या तोंडून इतरांची नावे, वाटा, खुणा काढून घेतल्या. ‘माफीचा साक्षीदार’ हा शब्दप्रयोग आज आपल्या परिचयाचा आहे. त्यामागील व्यवहार असा जुना आहे. निजामाच्या नोकरीत असलेला आणि पुढे नळदुर्गला अधिकारी म्हणून राहिलेला मेडोज टेलर याने अशाच जबान्यांच्या आधारे १८३९ मध्ये ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी लिहिली. तिच्यातील अमीर अली आपल्या खुनांची कहाणी एका साहेबाला सांगतो आणि साहेब ती उतरवून घेतो. इंग्लंडात तिला वाचकवर्ग मोठा लाभला. ठगांच्या विषयावर पुढे जॉन मास्टर्स यांनी १९५२ मध्ये ‘द डिसीव्हर्स’ ही कादंबरी लिहिली आणि १९८८ मध्ये तिचा चित्रपटही निघाला.

या परंपरेतील एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. माफीच्या साक्षीदाराची जबानी ही जीव वाचविण्यासाठी दिलेली जबानी असते. ती खोटीच असते असे नव्हे. परंतु तिला एक किंमत चिकटलेली असते. ती कोणापुढे दिली, कशासाठी दिली आणि तिच्या मोबदल्यात काय मिळाले, हे तीन प्रश्न तिच्यापासून सुटे करता येत नाहीत. चित्रपटवाला ही जबानी उचलतो, तेव्हा हे तिन्ही प्रश्न पडद्यामागे राहतात आणि प्रेक्षकापुढे केवळ थरार येतो.

आता पुण्याचे प्रकरण. १९७६ आणि १९७७ या वर्षांत पुण्यात जे हत्यासत्र झाले ते ‘जोशी-अभ्यंकर खून खटला’ या नावाने सर्वांना ठाऊक आहे. टिळक रस्त्यावरील अभिनव कला महाविद्यालयातील काही विद्यार्थ्यांनी जानेवारी १९७६ मध्ये आपल्याच एका वर्गमित्राला पळवून ठार मारले. ऑक्टोबर अखेरीस विजयनगर कॉलनीतील जोशी कुटुंबातील आई, वडील आणि मुलगा अशा तिघांचा बळी गेला. १ डिसेंबर रोजी भांडारकर रस्त्यावरील अभ्यंकरांच्या बंगल्यात पाच जणांचा गळा आवळण्यात आला. मार्च १९७७ मध्ये आणखी एका तरुणाचा खून झाला आणि त्यानंतर तपासाचे धागे जुळले. एकूण दहा माणसे गेली. त्या दिवसांत दिवेलागणीनंतर पुण्यातील रस्ते ओस पडत आणि ओळखीचा आवाज ऐकल्याखेरीज कोणी दार उघडत नसे, असे त्या पिढीचे लोक आजही सांगतात.

आरोपींपैकी सुहास चांडक हा माफीचा साक्षीदार झाला. सप्टेंबर १९७८ मध्ये सत्र न्यायालयाने राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शाह या चौघांना देहान्ताची शिक्षा सुनावली. उच्च न्यायालयाने १९७९ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये ती कायम केली. २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवडा कारागृहात चौघांना फाशी देण्यात आली. तत्पूर्वी तुरुंगात असताना मुनव्वर शाह याने आपले आत्मकथन लिहिले. त्याचे नाव ‘येस, आय अ‍ॅम गिल्टी’. पुढे १९८६ मध्ये या प्रकरणावर ‘माफीचा साक्षीदार’ हा मराठी चित्रपट आला आणि त्यातील मुख्य गुन्हेगाराची भूमिका नाना पाटेकर यांनी केली. त्यानंतर अनुराग कश्यप यांनी याच प्रकरणाचा सैल आधार घेऊन ‘पाँच’ हा हिंदी चित्रपट काढला. त्यास २००१ मध्ये सेन्सॉर मंडळाने हरकत घेतली आणि पुढे अनेक वर्षे तो चित्रपटगृहांत लागला नाही.

मुनव्वर शाहच्या पुस्तकाचे शीर्षक हीच एक कबुली आहे. फाशीची वाट पाहणाऱ्या माणसाने आपला अपराध मान्य करावा, तो लिहून ठेवावा, यात आम्हांला गैर काही दिसत नाही. पश्चात्तापाचा दरवाजा कोणासही बंद नाही, ही तर आपली श्रद्धाच आहे. परंतु अशा कोणत्याही आत्मकथनाला एक अंगभूत मर्यादा असते. ते मारणाऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलेले असते. त्यात मृत माणूस प्रवेश करतो तो मारेकरी दार ठोठावतो तेव्हा, आणि नाहीसा होतो तो मारेकरी दार ओढून बाहेर पडतो तेव्हा. त्याचे सारे आयुष्य त्या गुन्ह्याच्या वेळेपुरते उरते.

भांडारकर रस्त्यावरील घरात मारले गेलेले काशीनाथशास्त्री अभ्यंकर हे संस्कृत व्याकरणाचे थोर अभ्यासक होते. त्यांचे वडील वासुदेवशास्त्री यांनी पतंजलीचे महाभाष्य मराठीत आणले होते. काशीनाथशास्त्र्यांचा संस्कृत व्याकरणाचा कोश १९६१ मध्ये बडोद्याहून प्रसिद्ध झाला आणि आजही अभ्यासकांच्या हाती असतो. एका जन्माचे हे सारे तप कथेत कोठे येते? त्या घरात त्यांची वृद्ध पत्नी होती, कॉलेजच्या वयाची नातवंडे होती आणि घरकाम करणारी एक वयस्क बाई होती. त्या बाईंच्या कष्टाचे, घरादाराचे चार शब्द कोणी लिहिले? शास्त्रीबुवांचे नाव त्यांच्या ग्रंथामुळे सार्वजनिक आहे म्हणून आम्ही ते घेतले. इतर बळींची नावे आम्ही मुद्दामच येथे देत नाही. त्यांच्या आप्तांना आपल्या दुःखाभोवती शांतता हवी असेल तर ती मिळाली पाहिजे. तरी हा विषम व्यवहार पाहा. मारणाऱ्यांची नावे पुण्यातील अनेकांना तोंडपाठ आहेत. मेलेल्यांपैकी दोन आडनावे खटल्याच्या नावात राहिली आणि बाकीची माणसे आकड्यात जमा झाली.

चित्रपटात हा विषमपणा अधिक तीव्र होतो. पुस्तक वाचणारा मध्येच थांबू शकतो, विचार करू शकतो. पडद्यावर मात्र कथा ज्याच्यामागे चालते, त्याच्यामागे प्रेक्षकाचे मन चालते. नट समर्थ असेल तर त्याची नजर, त्याचा आवाज, त्याची चाल मनावर ठसते. यात नटाचा दोष नाही. त्याने आपले काम चोख केले. परंतु ज्याच्या भीतीने एक शहर दारे लावून बसले होते, त्याच्या लकबीची नक्कल पोरे नाक्यावर करू लागली, तर त्या शहरातील एखाद्या पोरक्या झालेल्या माणसाला काय वाटत असेल, याचा विचार निर्मात्याने करावयास नको काय?

यावर एक सोपा उपाय सुचविला जातो, तो म्हणजे बंदी. तो आम्हांला मान्य नाही आणि त्याची कारणे इतिहासातच आहेत. पहिले कारण असे की ‘गुन्हेगार’ हे बिरुद देणारा नेहमीच न्यायी असतो असे नाही. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. त्या दिवशी सरकारच्या वहीत ते शिक्षा झालेले कैदी होते. त्याच पुस्तकावरून आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. तो कायदा स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये रद्द झाला, पण शिक्का पुसला गेला नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ मध्ये आले आणि पोटासाठी चोरी करावी लागणाऱ्या जमातीचे जिणे प्रथमच आतून दिसले. असल्या लेखनावर बंदी घातली असती, तर सुरगाण्याच्या देशमुखासारखी ही माणसेही मुकी राहिली असती.

दुसरे कारण अमेरिकेतील आहे आणि ते आपल्या वाचकांना विशेष मनोरंजक वाटेल. न्यूयॉर्क राज्यात एका खुन्याच्या कथेला मोठे मोल येणार असे दिसताच १९७७ मध्ये एक कायदा झाला: गुन्हेगाराला आपल्या गुन्ह्याच्या कथेपासून होणारी कमाई बळींच्या भरपाईसाठी ठेवली जावी. हेतू उत्तम होता. पुढे हेन्री हिल नावाच्या टोळीवाल्याच्या आठवणींवरील पुस्तकाला हा कायदा लावण्यात आला. त्याच पुस्तकावरून १९९० मध्ये ‘गुडफेलाज’ हा गाजलेला चित्रपट निघाला. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबर १९९१ मध्ये न्यायालयाने तो कायदा अतिव्याप्त म्हणून रद्द केला. बळींना भरपाई मिळावी, हे न्यायालयाने मान्यच केले. मात्र या कायद्याच्या जाळ्यात कोणकोणती पुस्तके सापडली असती हे दाखविताना त्याने संत ऑगस्टीन यांच्या ‘कन्फेशन्स’चाही उल्लेख केला, कारण त्यात संतांनी बालपणी केलेल्या पेअर फळांच्या चोरीची कबुली आहे! टोळीवाल्याची बढाई आणि संताचे पापनिवेदन यांतील भेद कायद्याच्या कलमाने करता येत नाही. तो आपल्याला विवेकानेच करावा लागतो.

विवेकाची कसोटी अवघड असते हे आपल्याकडे १९९४ मध्ये दिसले. फुलनदेवी यांनी तुरुंगातून सांगून लिहवून घेतलेल्या हकिगतीच्या आधारे माला सेन यांनी पुस्तक लिहिले आणि त्यावरून शेखर कपूर यांनी ‘बँडिट क्वीन’ काढला. खुद्द फुलनदेवी या चित्रपटाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. आपल्यावर झालेला अत्याचार आपल्या संमतीवाचून जगापुढे मांडला जात आहे, ही त्यांची तक्रार होती. पुढे ती तडजोडीने मिटली. येथे गुन्हेगार मानलेली स्त्रीच बळीही होती. आणि तरीही प्रश्न तेथे संपत नाही. १९८१ मध्ये बेहमई गावात वीस पुरुष मारले गेले. त्यांच्या विधवांना चित्रपटाबाबत कोणी काही विचारले काय? त्या खटल्याचा निकाल लागावयास २०२४ साल उजाडले. पडद्यावरील निकाल त्यापूर्वी तीस वर्षे लागून गेला होता.

त्याच वर्षी, ऑक्टोबर १९९४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील ‘ऑटो शंकर’ या फाशीच्या कैद्याच्या आत्मचरित्राविषयी निर्णय दिला. न्यायालयीन व सार्वजनिक नोंदींत जे आहे ते संमतीशिवायही छापता येईल; त्यापलीकडे माणसाच्या खाजगी जीवनात शिरल्यास त्याचे परिणाम भोगावे लागतील; आणि लैंगिक अत्याचारास बळी पडलेल्या स्त्रीची ओळख प्रसिद्धीपासून राखली पाहिजे, असा त्याचा मथितार्थ. कायद्याने येथवर रेघ ओढली आहे. त्यापुढील वाट नीतीची.

ही वाट शोधताना आम्हांला आपल्या पापनिवेदनाच्या संस्काराची मदत होते. त्यात आपण आपले अंतःकरण तपासतो, पश्चात्ताप करतो, पाप बोलून दाखवतो आणि शेवटी प्रायश्चित्त करतो. ज्याचे नुकसान केले त्याची शक्य ती भरपाई करणेही त्यातच येते. ते बोलणे परमेश्वरापुढे, धर्मगुरूच्या कानात, गुप्ततेच्या मुद्रेखाली होते. तेथे तिकीट नसते आणि टाळ्याही नसतात. गुन्हेगाराच्या आठवणींचा चित्रपट होतो तेव्हा बोलून दाखवण्याचा भाग तेवढा उचलला जातो. भरपाईच्या जागी मानधन येते. क्रुसावरील उजव्या बाजूच्या चोराची आठवण येथे अटळ आहे. लूकच्या शुभवर्तमानात त्याने आपली शिक्षा रास्त असल्याचे मान्य केले, शेजारी खिळलेला मात्र निरपराध आहे अशी ग्वाही दिली आणि केवळ आठवण ठेवण्याची विनंती केली. निरपराधाबद्दल एक वाक्य त्याच्या कबुलीत आहे म्हणून ती कबुली पूर्ण आहे. अशा आठवणींवरील किती चित्रपटांत हे वाक्य सापडते?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये संपर्कसाधनांविषयीच्या आदेशपत्रात या प्रश्नाला हात घातला होता. दुष्टतेचे चित्रण माणसाला अधिक खोल समजून घेण्यास साह्य करू शकते, परंतु ते नीतीच्या मर्यादेत असले पाहिजे, असा त्याचा आशय आहे. त्या प्रकाशात आम्ही निर्मात्यांपुढे काही साध्या अपेक्षा ठेवतो. बळींच्या कुटुंबाला आधी विचारावे. परवानगीची कायद्याने गरज नसली तरी विचारावे. नोंदीत नसलेला प्रसंग, विशेषतः मृतांच्या चारित्र्यावर डाग टाकणारा, रचू नये. कमाईतील वाटा त्यांच्या पोरक्या मुलांपर्यंत जावा. आणि खटला संपेपर्यंत धीर धरावा. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांवरील ‘ब्लॅक फ्रायडे’ हा चित्रपट मुंबई उच्च न्यायालयाने खटल्याच्या निकालापर्यंत रोखून धरला आणि तो २००७ मध्ये प्रदर्शित झाला. उशिरामुळे त्याचे मोल कमी झाले नाही.

या अपेक्षा स्वप्नाळू आहेत असे कोणी म्हणेल. त्याला एकच उदाहरण पुरे. फेब्रुवारी १९९५ मध्ये इंदूरजवळ सिस्टर राणी मारिया यांना समुंदर सिंग याने बसमधून ओढून भोसकले. गरीब शेतकऱ्यांना सावकारीच्या विळख्यातून सोडविण्याचे त्या काम करीत होत्या. २००२ मध्ये त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल यांनी तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली; २००६ मध्ये तो सुटला. पुढे कॅथरिन मॅकगिल्व्रे यांनी ‘द हार्ट ऑफ अ मर्डरर’ हा माहितीपट काढला. त्याच्या केंद्रस्थानी खुनीच आहे आणि तो आपली कथा सांगतो. परंतु मारलेल्या सिस्टरांचे कुटुंब त्या कथेच्या आत आहे. ती कथा त्यांच्या क्षमेतूनच सुरू होते. खुन्याला पडद्यावर आणता येते, त्याच्याविषयी करुणाही जागवता येते, फक्त मृताला पुन्हा एकदा मारण्याची गरज नसते. राणी मारिया यांना नोव्हेंबर २०१७ मध्ये इंदूर येथे धन्यवादित घोषित करण्यात आले.

निर्माते आमचे ऐकतील न ऐकतील. आपल्या घरांचे मात्र आपण पाहू शकतो. पूर्वी चित्रपटासाठी तालुक्याच्या गावी जावे लागे. आज सुरगाण्याच्या पाड्यावरील तरुणाच्या खिशातही चित्रपट असतो. अशा वेळी मुलांना ‘बघू नका’ एवढेच सांगून भागत नाही. त्यांच्याबरोबर बसावे, आणि चित्रपट संपल्यावर त्यांना विचारावे: यात जो मेला त्याचे नाव काय होते? तो काय काम करीत असे? त्याच्यामागे घरी कोण उरले? उत्तर देता आले, तर चित्रपट करणाऱ्याने आपले ऋण थोडेबहुत फेडले असे समजावे. उत्तर देता आले नाही, तर ते उत्तर शोधणे हे आपले काम आहे.